चतुराबाईची पाठराखण

कारभारीच्या थोरल्या मुलीचं, संध्याचं लग्न ठरलं ते एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. विंचूरच्या पुढे मळ्यात त्यांचं घर. कांदा काढून चाळीत भरून झाला होता, विहिरीला पाणी होतं, आणि मुलगा सातपूरला कंपनीत कायम झालेला मिळाला होता, म्हणून कारभारी खुशीत होता. एका संध्याकाळी ओट्यावर सतरंज्या पडल्या, भावकीतली माणसं येऊन बसली, आणि लग्नात कोणाचा कोणता मान, याची बोलणी सुरू झाली.

त्या काळी ही बैठक म्हणजे अर्धं लग्नच. मामा म्हणून नवरीच्या पाठीशी कोण उभा राहणार, थोरला की धाकटा? देवकाला कोणतं जोडपं बसणार? हळद दळायला पाच सवाष्णी कोणकोणत्या, आणि त्यातून वगळलेली सहावी रुसली तर तिची समजूत कोण घालणार? करवली तृप्ती, हे मात्र आधीच ठरलं होतं. संध्याची ही धाकटी बहीण तेव्हा आठ वर्षांची होती आणि करा हातात धरून नवरीच्या मागे उभं राहायचं म्हणून तिनं महिनाभर घरातल्या तांब्यावर सराव चालवला होता. तिचा भाऊ अमित नवरदेवाचा कान पिळणार होता. "जोरात पिळ रे, पँटीचं कापड घेतल्याशिवाय सोडू नको," असं त्याला जो तो येऊन शिकवत होता.

कारभारीची बहीण चतुराबाई आतून चहा आणून देत होती. तिचं नाव या बैठकीत निघणार नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि बसलेल्यांनाही. लग्नानंतर चार वर्षांत नवरा काविळीनं गेला, मूलबाळ झालं नव्हतं, आणि सासरच्यांनी तिला तिच्या पेटीसकट भावाच्या दारात आणून सोडलं, त्याला आता दहा वर्षं होत आली होती. घरात तिला कोणी उणंदुणं बोलत नसे. पण लग्नकार्यात ती मागच्या बाजूला. हळदीच्या वेळी सगळी तयारी तिच्या हातची असायची. हळकुंडं तीच निवडायची, जात्याला आंब्याची पानं तीच बांधून ठेवायची. बायका जात्याशी बसून गाणी सुरू करायच्या तेव्हा ती कांद्याच्या चाळीकडे काहीतरी काम काढून निघून जायची. तिकडेही गाणी ऐकू यायचीच. ती मनातल्या मनात म्हणायची.

सगळं ठरत आलं तेव्हा भावकीतल्या वडीलधाऱ्या चिमाजीतात्यांनी विचारलं, "पाठराखीण कोण जातंय?"

पाठराखीण म्हणजे नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाणारी बाई. माहेरून भाऊ मूळ घेऊन येईपर्यंत, म्हणजे तिला परत न्यायला येईपर्यंत, परक्या घरात तिच्या सोबतीला राहायचं. या घरातल्या बहुतेक मुलींबरोबर आजवर तात्यांची आईच गेली होती. पण म्हातारीचे गुडघे आता उंबरासुद्धा ओलांडू देत नव्हते. दोघीतिघींची नावं निघाली. एकीला तान्हं मूल, एकीची म्हैस व्यायला झालेली, तिसरीचं संध्याच्या आईशी बोलणं नव्हतं.

"मग चतुरीला धाडा की," तात्या म्हणाले.

चतुराबाईच्या हातातलं तबक जागच्या जागी थांबलं. संध्याची आई वत्सलाबाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "नाय, म्हणजे... सासरचे लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय? ती काय तिथं ओटी भरायला चाललीय का? पोरीजवळ बसायला चाललीय. माझी आई गेली तेव्हा तिच्या कपाळाला काय व्हतं?"

कारभारीनं बहिणीकडे पाहिलं. "जाशील का गं?"

"जाईन," चतुराबाई म्हणाली, आणि आत जाऊन चुलीपुढे बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आपल्याकडे एखादं बरं लुगडं आहे का, एवढाच विचार डोक्यात घोळत राहिला.

तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्याबरोबर एक लांबची मावशी गेली होती. ती मावशी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस्टीनं परत फिरली, कारण तिची कोंबडी खुडूक बसली होती. सतरा वर्षांची चतुरा त्या घरात एकटी राहिली. परसाकडे कुठं जायचं, हे विचारायची तिला लाज वाटली, म्हणून तिनं दिवसभर पाणीच प्यायलं नाही. संध्याकाळी चक्कर येऊन पडली तेव्हा सासू सगळ्यांना सांगत सुटली की पोरगी फिटाची हाय, आपल्याला फसवलं. तो शिक्का पुढं कितीतरी दिवस पुसला गेला नाही.

संध्याच्या वरातीचा टेम्पो सातपूरला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे फरशीचा तुकडा, आणि ओळीनं तशीच घरं. माप ओलांडलं, नाव घेऊन झालं, बायकांचा गराडा नवरीभोवती पडला. चतुराबाई त्यात बसली नाही. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि शेजारच्या घरात भांडी घासत बसलेल्या बाईला तिनं विचारलं, "ताई, इथं बायांची सोय कुठं?"

त्या बाईनं सगळं सांगितलं. संडास चाळीच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. पहिल्या पाळीची माणसं निघायच्या वेळी तिथं रांग लागते, तेव्हा एकतर त्याच्या आधी जायचं नाहीतर भोंगा झाल्यावर. नळाला पाणी सकाळीच. हंडा आदल्या दिवशीच लावून ठेवायचा. हे सगळं ऐकून आत आल्यावर चतुराबाई मोठ्यानं म्हणाली, "संध्या, चल बाई, माझे पाय धरलेत, मला जरा सोबत कर." आणि सगळ्या बायकांमधून तिला उठवून घेऊन गेली. परतताना संध्या तिचा हात सोडायला तयार नव्हती.

"आत्या, तुला कसं कळलं गं?"

"चल गुमान," चतुराबाई म्हणाली.

संध्याची सासू भागीबाई तोंडानं फटकळ. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या सुनेपुढे परातभर कणीक ठेवली आणि पुरण शिजत घातलं. घरात अजून पाहुणे होते आणि ते पोळ्या बघणार होते. संध्याला भाकरी यायची, पुरणपोळी धड यायची नाही. तिचा चेहरा उतरलेला बघून चतुराबाई पुढे झाली. "भागीबाई, आमच्याकडं पहिली पोळी पाठराखीण लाटती. तशी रीतच हाय आमची."

"अशी रीत मी नाय ऐकली कुठं."

"तुमच्याकडं नसंल. आमच्याकडं हाय."

असली रीत विंचूरलाही नव्हती आणि आसपासच्या कुठल्या गावातही नव्हती. पण चतुराबाईनं लाटणं हातात घेतलं आणि पहिली पोळी, मग हात लागला म्हणून दुसरी, मग तिसरी असं करत सगळी कणीक संपवली. संध्या नुसती तव्याशी बसून पोळ्या उलटत होती. खाताना पाहुणे सुनेचं नाव काढत होते. भागीबाईच्या हे सारं लक्षात आलं होतं, पण पोळ्या मऊ झाल्या होत्या, त्यामुळे तिनं विषय वाढवला नाही. निघायच्या दिवशी तिनं चतुराबाईला नवं लुगडं दिलं आणि म्हणाली, "तुमची ती रीत आमच्या धाकटीच्या लग्नात पण करू हां."

हे सगळं घरी आल्यावर चतुराबाईनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं ते संध्यानं. आणि मग त्या सालापासून, भावकीतलं कोणतंही लग्न ठरलं की बैठकीत एक नाव आपोआप निघू लागलं. "पाठराखीण चतुराबाईच ना?" देवरामच्या मुलीबरोबर ती गेली, सावळीरामच्या दोन्ही पुतण्यांबरोबर गेली. कधी सिन्नरला, कधी दिंडोरीला. एका मुलीबरोबर सटाण्याकडे गेली तेव्हा तिथल्या बोलण्यातलं निम्मं तिला कळेना. सासू म्हणाली, "पोर गुणी शे," म्हणजे गुणी आहे, आणि चतुराबाईला ते न कळून वाटलं काहीतरी कमी पडलंय. ती म्हणाली, "काय लागतंय ते सांगा, आम्ही आणून देऊ." घरभर हसू पिकलं. नंतर कित्येक दिवस तृप्ती आणि अमित तिला "आत्या, भाकर शे का?" म्हणून चिडवत होते आणि तीही "शे, पण तुमच्यासाठी नाय शे" म्हणत होती.

तिचे काही नेम होते. नवरी जेवल्याशिवाय जेवायचं नाही. दिवसा आडवं व्हायचं नाही. सासरी माहेरची बढाई मारायची नाही आणि माहेरी सासरची खबर आणायची नाही. बायका खोदून विचारायच्या, घर कसंय, सासू कशीय, दागिने खरे होते का? ती म्हणायची, "पाणी गोड हाय तिथलं." कोणत्याही घराबद्दल हेच. फक्त एकदा, चांदवडकडच्या एका घरातून, ती नवरीला तिसऱ्याच दिवशी बरोबर घेऊन परत आली, भावाची वाट न बघता. काय झालं होतं ते तिनं मुलीच्या आईला आणि बापाला दार लावून सांगितलं आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. ती मुलगी परत सासरी गेली नाही. पुढं ती शिकली आणि नर्स झाली, एवढंच लोकांना माहीत.

मांडवात मान मिळत नव्हता तो नव्हताच. हळदीच्या वेळी ती अजूनही कांद्याच्या चाळीकडे जायची. पण वरात निघायच्या वेळी सगळे तिला शोधायचे. "पाठराखीण बसली का? तिच्याशिवाय गाडी सोडू नका." टेम्पोत नवरीच्या शेजारची जागा तिची. रडून रडून मुलीचं डोकं तिच्या मांडीवर यायचं, मुंडावळ्या सुटून तिच्या लुगड्यात अडकायच्या, हळदीचा आणि घामाचा वास यायचा. त्या वाटा तिला फार आवडायच्या. द्राक्षांचे मळे मागं पडायचे, गाव बदलायचं, बोली बदलायची. तिच्यासारख्या बाईला एरवी कोण कुठं नेणार होतं?

मग एकेक लग्न आखूड होत गेलं. मांडवाच्या जागी मंगल कार्यालय आलं. सकाळी साखरपुडा, दुपारी हळद, संध्याकाळी लग्न, आणि जेवणं झाली की चाव्या परत. पाठराखणीसाठी कोणी थांबेना आणि तिला ठेवून घ्यायला सासरीही जागा उरली नाही. तीन वर्षांत तिला कोणाचंच बोलावणं आलं नाही. तिनं ते बोलून दाखवलं नाही.

दोन हजार चार साली तृप्तीचं लग्न ठरलं. मुलगा हेमंत, नाशिक रोडला राहणारा, अंबडच्या कंपनीत इंजिनिअर. त्याचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, ते वारले होते. घरी आई आणि तो, दोघंच. पुन्हा ओट्यावर बैठक बसली, पण आता खुर्च्या होत्या आणि चिमाजीतात्या नव्हते. मामा ठरला, करवली ठरली. पाठराखणीचा विषय वत्सलाबाईनंच काढला. मधल्या वर्षांत तिची आणि नणंदेची एक समजूत होऊन गेली होती.

अमित हसला. त्याच्या कमरेला मोबाईल होता. "आई, पाठराखीण कशाला आता? फोन आहे ना. पूजा झाली की लगेच ती दोघं उटीला चाललीत. आत्या काय उटीला जाणार का त्यांच्याबरोबर?"

सगळे हसले. चतुराबाईही हसली. मग ती उठून गोठ्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. तृप्ती तिच्या मागोमाग गेली.

"आत्या, तू ये ना. पूजेपर्यंत तरी ये."

"नको गं. अमित बरोबर बोलतोय. माझं आता काय काम?"

पण लग्न लागलं, पाठवणी झाली, आणि गाडी निघायच्या वेळी तृप्तीनं तिचा हात सोडलाच नाही. गाडीत जागा होती. चतुराबाई नेसत्या लुगड्यानिशी बसून गेली.

नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चकचकीत फरशी. तृप्तीला तिथं काही दाखवायची, सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी हेमंत आणि तृप्ती बॅगा घेऊन स्टेशनवर गेले. चतुराबाईनंही पिशवी भरली. तिला संध्याकाळची एस्टी गाठायची होती.

हेमंतची आई, इंदुताई, हॉलमध्ये कोचावर बसल्या होत्या. साठीच्या आत-बाहेर, नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. दोन दिवसांत दोघींचं चहा-साखरेपलीकडे बोलणं झालं नव्हतं. चतुराबाई पाया पडायला वाकली तर त्यांनी तिचा खांदा धरला.

"निघालात?"

"हो. माझं काम झालं आता."

इंदुताईंनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात लाडूंचे डबे, आहेराची खोकी, घड्या न केलेल्या चादरी पडल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "हेमंत कधी घर सोडून राहिला नाही हो. कॉलेजसुद्धा इथंच केलं. हे गेले तेव्हाही तो शेजारच्या खोलीत होता." आणि मग, चतुराबाईकडे न बघता, "पाठराखीण किती दिवस राहते तुमच्यात?"

"भाऊ मूळ घेऊन येईस्तोवर."

"मूळ तर ते उटीहून आल्यावर येणार."

चतुराबाईला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. आजवर तिनं इतक्या घरांत पाय ठेवला होता, पण तिथं तिला भेटलेली घाबरलेली माणसं म्हणजे नेहमी नवऱ्याच. सासूच्या डोळ्यांत तसलं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं, की बघायचंच तिला सुचलं नव्हतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. "या चादरी आधी घड्या करून टाकू," ती म्हणाली.

दोघींनी चादरीची टोकं धरली. घड्या करता करता इंदुताई बोलू लागल्या. त्यांचं माहेर सिन्नरकडचं. लग्न होऊन त्या प्रेसच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा त्यांच्याबरोबरही एक आत्या आली होती. रोज सकाळी ती त्यांची वेणी घालायची, आणि जायच्या दिवशी तेलाची बाटली उशाशी ठेवून गेली होती. "मी ती बाटली संपू दिली नाही कितीतरी महिने," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

ते दिवस चतुराबाईच्या आयुष्यातले सुखाचे दिवस. सकाळी दोघी भाजी आणायला जायच्या. दुपारी इंदुताई पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि चतुराबाई मेथी निवडायची. देवळात गेल्या तिथं इंदुताईंच्या मैत्रिणींनी, यजमान गेल्यावरही करायच्या तसा, हळदीकुंकवाचा करंडा पुढे केला आणि चतुराबाई सवयीनं मागं सरकली. इंदुताईंनी शांतपणे आपला हात मागं घेतला आणि तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दोघींना करंडा लागला नाही, दोघींनी प्रसाद खाल्ला. एकदा त्यांनी तिला एका हॉटेलात डोसा खायला नेलं. चतुराबाईनं तो गुंडाळलेला उलगडून, भाकरीसारखा मोडून खाल्ला आणि म्हणाली, "कुरकुरीत हाय, पण पोट भरायला चार लागतील." इंदुताई इतक्या हसल्या की वेटर बघायला आला.

उटीहून तृप्तीचा फोन यायचा. ती विचारायची, "आई, तुम्ही ठीक आहात ना?" इंदुताई म्हणायच्या, "अगं, तुझी आत्या आहे ना." पलीकडून तृप्तीचा आश्चर्याचा स्वर यायचा, "अजून आहे?"

अमित मूळ घेऊन आला तेव्हा त्यानं जीपमध्ये बहिणीला बसवलं, आत्याला बसवलं. इंदुताई खाली रस्त्यापर्यंत आल्या. त्यांनी चतुराबाईच्या हातात लुगड्याचं पुडकं दिलं. पुढं दरवर्षी एकदा दिवाळीनंतर आणि एकदा द्राक्षं निघाली की चतुराबाई एस्टीनं नाशिक रोडला जायची. तृप्ती कामाला जायची, हेमंत कंपनीत, आणि त्या दोघी दिवसभर घरात. वत्सलाबाई थट्टेनं म्हणायची, "लग्न पोरीचं झालं आणि सासर नणंदेला मिळालं."

दोन हजार सहा साली तृप्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. हेमंत गाडीनं सोडायला आला. गाडीतून तृप्ती उतरली, तिच्यामागं इंदुताई उतरल्या, आणि त्यांच्या हातातही पिशवी होती. वत्सलाबाई गडबडली. विहीण राहायला येते म्हणजे काय करायचं, कुठं निजवायचं, काय रांधायचं? आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका कुंपणापाशी येऊन बघून गेल्या. सासू सुनेबरोबर तिच्या माहेरी येऊन राहते, हे कोणी ऐकलं नव्हतं.

"मी सुनेची पाठराखण करायला आलेय," इंदुताई म्हणाल्या. "भाऊ मूळ घेऊन येईपर्यंत राहते. म्हणजे माझा मुलगा."

त्या बारसं होईपर्यंत राहिल्या. बाजेवर तृप्ती तान्ह्या वेदिकाला घेऊन पडलेली असायची आणि बाहेर चाळीच्या सावलीत बायका कांदा खांडायला बसायच्या. वाळलेली पात कापून कांदा पाटीत टाकायचा. इंदुताईंनी विळा मागून घेतला. त्यांना ते काम नीट जमत नव्हतं. पात कापताना कांद्याचाच तुकडा उडायचा आणि त्यांच्या पाटीत निम्मे कांदे उघडे पडायचे. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून गालात हसायच्या.

त्यांचे उघडे कांदे चतुराबाई वेचून वेगळ्या टोपलीत टाकायची, संध्याकाळच्या भाजीला. आणि कोणी हसलंच, तर हातातला विळा न थांबवता म्हणायची, "त्यांच्याकडं तशीच रीत हाय."